खडूच्या शेजारची जागा

मी थडग्यांवरची अक्षरं कोरतो. कुणी विचारलं तर बायको "दगडाचं काम करतात" एवढंच सांगते, कारण पूर्ण सांगितलं की समोरचा माणूस नकळत दोन पावलं मागे सरकतो. मला त्याचं काही वाटत नाही. चौतीस वर्षं गावातल्या गेलेल्या माणसांची नावं मी नीट, सरळ रेषेत लिहीत आलोय. जिवंतपणी जे कधी सरळ वागले नाहीत त्यांचीसुद्धा. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकच दगड चुकला, आणि तो नेमका माझ्या घरचा.

आमचा मुलगा आठव्या वर्षी गेला. त्याला आम्ही खडू म्हणायचो. अक्षरं आखायला मी जो खडू वापरतो तो कायम त्याच्या मुठीत. बोटं पांढरी, चड्डी पांढरी, कधी कधी जीभसुद्धा. चर्चच्या आवारातल्या जुन्या दफनभूमीत, मागच्या भिंतीला लागून, आम्ही त्याला ठेवलं. त्याच्या शेजारची एक जागा मोकळी होती. ती मी त्याच आठवड्यात चर्चच्या मंडळीच्या वहीत माझ्या नावावर करून घेतली. जागा तशी एकाचीच, पण कबरी खणणारा आमचा कुदळ्या म्हणाला, "खोल खणतो ना. खाली एक, वर एक. आरामात मावाल दोघं." खाली कोण आणि वर कोण यावर आमच्या घरात मग बरंच चालायचं. मी म्हणायचो, "मी खाली. जन्मभर तू डोक्यावर बसलीस, आता कशाला बदल?" ती म्हणायची, "जो आधी जाईल तो खाली. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

चूक झाली ती दगडाची. खडू गेल्यावर माझ्या हातांना काम हवं होतं, थांबलो तर वेड लागेल असं वाटायचं. दोन्ही जागांना मिळून पुरेल असा एकच रुंद दगड मी घेतला. डाव्या बाजूला त्याचं नाव कोरलं. तरीही हात थांबेनात, म्हणून उजव्या बाजूला आमची दोघांची नावंही कोरून टाकली. नाव, जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. दगड बसवल्यावर बायकोने तो पाहिला आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आता मला जायला उशीर झाला तर लोक तोंडावर विचारतील." तसं झालंही. मंडळीत नव्याने आलेल्या एका बाईंनी त्या दगडापाशी फुलं ठेवली, डोळे पुसले, आणि पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गात हिलाच शिकवताना पाहून अशा किंचाळल्या की पाळकसाहेब उपदेश सोडून धावत आले.

हसायला ठीक आहे. पण त्या जागेत माझा जीव गुंतला होता, आणि त्याला कारण होतं. खडू अंधाराला फार घाबरायचा. इस्पितळात आठ वाजता दिवे मालवायचे. मी त्याच्या खाटेशेजारी बाकावर पडून राहायचो आणि त्याचा हात माझ्या खिशात असायचा. शेवटच्या संध्याकाळी एक दगड पोचवायचा होता म्हणून मी उठलो. कुणाच्या तरी श्रीमंत आत्याचा दगड. खडूने विचारलं, "बाबा, इथं झोपणार ना?" मी म्हणालो, "हा आलोच." दगड चढवता उतरवता उशीर झाला, मी घरीच आडवा झालो, सकाळी गेलो तर खाटेवर धुतलेली चादर अंथरलेली होती. त्यानंतर मी त्याला एकच शब्द दिला होता, तोही तो गेल्यावर. मी येईन आणि तुझ्या शेजारी झोपेन.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आता जुनी दफनभूमी भरली आहे. ज्यांच्या जागा आधीपासून ठरलेल्या आहेत तेवढ्यांनाच आत घेतात. बाकीच्यांसाठी गावाबाहेर, पाण्याच्या टाकीपलीकडे माळ सपाट करून नवी दफनभूमी केली आहे. तारेचं कुंपण, एक लोखंडी फाटक आणि चार कबरी. चारही म्हाताऱ्या माणसांच्या, आणि चार कोपऱ्यांना, जणू मेल्यावरही एकमेकांशी पटत नसावं.

बस चालवणाऱ्याची मुलगी बुधवारी दुपारी गेली. सात वर्षांची होती. तिला घरात बबडी म्हणत. हे कुटुंब दीड वर्षापूर्वी बदली होऊन आलेलं, नात्याचं इथं कुणी नाही. बबडी दर रविवारी माझ्या बायकोच्या वर्गात यायची आणि तिच्या पदराला धरूनच बसायची. सहा दिवस ताप आला आणि सगळं संपलं.

त्या संध्याकाळी बायको त्यांच्याकडून परत आली ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. दिवा लावला नाही, चूल पेटवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिची आई शवपेटी घरात आणू देत नाही. म्हणते, माझी मुलगी आजवर कधी एकटी झोपली नाही, मी तिला त्या माळावर टाकणार नाही."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, बघते." थोडं थांबून म्हणाली, "अहो, आपली जागा देऊ या."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी हातातलं भांडं आपटलं. "ती जागा माझी आहे."

"आपली आहे."

"वहीत माझं नाव आहे."

"म्हणून तर विचारतेय. तुमची सही लागेल. नाहीतर मी केव्हाच देऊन आले असते."

"आणि खडू?" मी म्हणालो. "त्याला काय सांगू?"

ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण रविवारी मुलांना शिकवणाऱ्या बायकोशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ती म्हणाली, "प्रभूला तरी स्वतःची कबर कुठे होती? एका माणसाने स्वतःसाठी खोदवलेली होती, तीच दिली ना त्याने?"

"प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, त्या माणसाला कबर मोकळी होऊन परत मिळाली," मी म्हणालो. "मला कोण देणार आहे परत?"

तिला हसू आलं. खरंच आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. म्हणाली, "मला नाही का तिथं जायचं? तुम्हाला एकट्यालाच वाटतं का हो, पोराजवळ असावं म्हणून? मी पोटात वाहिलंय त्याला." मी हो म्हणालो नाही. आम्ही तसेच उपाशी झोपलो.

गुरुवारी सकाळी बबडीचा बाप माझ्या कारखान्यात आला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक ग्राइंडर आणि धूळ. तो बसच्या गणवेशातच होता; दुसरे कपडे कुठे आहेत हे सांगण्याच्या स्थितीत बहुधा घरात कुणी नव्हतं. आमच्या घरात काल काय बोलणं झालं याची त्याला गंधवार्ता नव्हती. त्याने खिशातून शाळेच्या वहीवरचं फाडलेलं लेबल काढलं. त्यावर मुलीचं नाव होतं, इयत्ता होती. "काका, एवढंच लिहायचं," तो म्हणाला. "इयत्ता नको. दगड लहान चालेल."

मी लेबल घेतलं, मोजपट्टी घेतली, अक्षरं मोजली. कामाचं बोलत राहिलं की माणूस उभा राहतो हे मला माहीत आहे. दगड कोणता, रंग कोणता, मी विचारत गेलो आणि तो हो हो म्हणत गेला. मग जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"तुम्ही नव्या दफनभूमीत जाता ना कामाला? तिथं संध्याकाळनंतर दिवा असतो का?"

"नाही," मी म्हणालो. "वीजच पोचलेली नाही अजून तिकडे."

त्याने मान हलवली. "मी एखादा ठेवला तर चालेल? बॅटरीवरचा. आमच्या डेपोत असतात." आणि लगेच ओशाळून म्हणाला, "म्हणजे मला कळतं हो काका. तिला आता दिवा काय आणि अंधार काय. मला कळतं सगळं. पण तिच्या आईला काय सांगू मी?"

असला वेडा प्रश्न मीही एकदा विचारला होता. खडूची छाती कायम भरलेली असायची, म्हणून त्याची कबर खणून झाल्यावर मी कुदळ्याला विचारलं होतं, "खाली ओल नाही ना?" माझ्या मागे उभे असलेले नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागले. कुदळ्या मात्र हसला नाही. वर आलेला होता तो पुन्हा खड्ड्यात उतरला, वाकून तळाला सगळीकडे हात लावला, आणि मला तळहात दाखवून म्हणाला, "कोरडं आहे. बघा." आणि मी बघितलं. त्या दिवशी पाळकसाहेब काय बोलले, कोणतं गीत झालं, यातलं मला काही आठवत नाही. कुदळ्याचा मातीने माखलेला हात तेवढा आठवतो.

मी अंगावरचा कामाचा कोट काढून खिळ्याला अडकवला. "चल," मी म्हणालो, "पाळकसाहेबांकडे जाऊ. माझी एक जागा आहे आत, भिंतीजवळ. शेजारी माझा मुलगा आहे. आठ वर्षांचा."

तो बघतच राहिला. मग माझ्या ग्राइंडरला धरून खाली बसला.

विश्वासाने माझं मन भरून आलं होतं असं मला इथं लिहायला आवडलं असतं. पण तसं काही नव्हतं. मी चिडलेलो होतो. बायकोवर, त्या बापावर, तापावर, आणि खरं सांगायचं तर प्रभूवरही. देतोस तरी कशाला परत घ्यायचं असेल तर, असं मी वाटेत मनातल्या मनात प्रभूलाच स्पष्ट विचारलं. किडका दात उपटून घ्यायला तोंड उघडावं तशी मी सही केली. पाळकसाहेब माझा हात हातात घेऊन काहीतरी चांगलं बोलायला लागले, तर मी म्हणालो, "असू द्या, उशीर होतोय, कुदळ्याला सांगायला हवं."

शुक्रवारी बारा वाजता बबडीला ठेवलं. खोल खणायची गरज नव्हती. खडूच्या बाजूची माती कुदळ्याने हातांनी काढली, तिकडे फावडं लावलं नाही. बबडीच्या आईला दोन बायकांनी धरून आणलं होतं. पेटी खाली जाताना ती ओरडली नाही, फक्त शेजारच्या दगडाकडे बघत राहिली. त्या दगडावर खडूचं नाव होतं, आणि तिच्या मुलीच्या डोक्याशी मात्र आम्हा दोघा जिवंत माणसांची.

हे तसं ठेवणं शक्य नव्हतं. आई रोज येणार आणि मुलीच्या उशाशी परक्यांची नावं वाचणार. पण दगडावरचं अक्षर पुसता येत नाही. ते जेवढं खोल गेलंय तेवढा सगळा पृष्ठभाग खाली उतरवावा लागतो, मग नव्याने घासून नवी अक्षरं. बायको म्हणाली, "उजवी बाजू तेवढी उतरवा. खडूच्या नावाला हात लावू नका." मी दोन दिवस त्या दगडासमोर बसून विचार केला. अर्धा दगड उतरवला तर मधोमध पायरी पडते. डावीकडचा वर, उजवीकडची खाली. पोरगी तिथं पोटभाडेकरू वाटली असती. ज्याला जागा दिली त्याला दारात उभं करायचं का?

मी दगड काढून शेडमध्ये आणला आणि आधी उजवी बाजू घेतली. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिचं नाव अर्धं गेलं होतं. ती उभी राहून उरलेलं अर्धं जाताना बघत होती. "चला," ती म्हणाली, "आता निदान रविवारी कुणी किंचाळणार नाही." मग कप तिथंच ठेवून घरात गेली.

डावी बाजू त्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही झाली नाही. दगडावरच्या खडूच्या खऱ्या नावात एक वेलांटी जाड झालेली आहे. ती कोरताना माझे डोळे भरून आले आणि छिन्नी घसरली, ती खूण आहे. अठरा वर्षं मी तिथं गेलो की त्या वेलांटीवर अंगठा ठेवायचो. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात तेवढी एकच चूक मला प्रिय होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थना केली, म्हणजे नुसतं "आता तूच बघ" म्हणालो, आणि ग्राइंडर चालू केला. पाण्याबरोबर पांढरा गाळ खाली वाहत गेला. पाच मिनिटं लागली असतील. माझ्या मुलाचं नाव मी माझ्या हाताने घालवलं आणि मशीन बंद करून मोठ्याने रडलो.

मग दोन्ही नावं कोरली. एकाच उंचीवर, एकाच मापाची, एकाच खोलीची. या वेळी छिन्नी घसरली नाही. वेलांटी स्वच्छ आली, आणि मला तिचा राग आला.

दगड बसवून पंधरा दिवस झाले असतील. रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं तिथं गेलो तर बबडीची आई आधीच बसलेली होती. आम्हाला बघून सरकली, जागा करून दिली. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. मग तिने खडूच्या नावाकडे बोट करून बायकोला विचारलं, "बाई, हा स्वभावाने कसा होता?"

अठरा वर्षांत आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक त्याचा विषय निघाला की आवाज खाली घ्यायचे. बायको म्हणाली, "द्वाड होता. खोड्या करायचा. पण जीव लावायचा."

"अंधाराला घाबरायचा का हो?" तिने विचारलं. "आमची फार घाबरते."

मी बायकोकडे बघितलं. माझी बायको खोटं बोलत नाही. शेजारणीने साडी कशी आहे विचारलं तरी खरं सांगून मोकळी होते, त्यावरून आमची दोन घरं तुटली आहेत. ती दगडाकडे बघत होती. तिने एक क्षणही घेतला नाही.

"छे," ती म्हणाली. "तो? त्याला कसली भीती. अंधारात सगळ्यांच्या पुढे असायचा. लहान मुलांना हाताला धरून न्यायचा."

बबडीच्या आईने डोळे मिटले. "मग बरं," ती म्हणाली. मग पुढे वाकून खडूच्या नावावर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "बाळा, हिच्याकडे लक्ष ठेव हं. हात सोडू नकोस तिचा." उठली, पदर सारखा केला, आणि घरी निघाली. कुदळ्या सांगत होता, रोज तिला फाटक बंद करायच्या वेळी अक्षरशः उठवावं लागतं. त्या दिवशी ती आपल्या पायांनी, भर दुपारी गेली.

आम्हीही निघालो. चर्चचं फाटक मागे पडलं. मग म्हणालो, "खोटं बोललीस."

"बोलले."

"देवाच्या दारात."

"हो." ती थोडी पुढे चालली आणि थांबली. "आणि खोटं कशावरून हो? अठरा वर्षं झाली त्याला तिथं. अजून घाबरत असेल का तो?"

माझ्यासाठी तो अजून आठ वर्षांचा होता, दिवे मालवलेले होते, आणि तो दाराकडे बघत होता. मी येईन म्हणून. एवढी वर्षं मी रोज त्याला तसाच झोपवत होतो. त्याची भीती जाऊ शकते, तो कुणाचा हात धरू शकतो, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. मला रस्त्यात रडू फुटलं. एवढा मोठा, केस पिकलेला माणूस, रविवारच्या कपड्यांत, आणि उपासनेहून परतणारी माणसं बघत होती. बायकोने माझी बाही घट्ट धरली आणि मला रस्त्याच्या कडेला ओढलं.

"इकडे या," ती म्हणाली. "गाड्या येतात." आणि तीही माझ्याबरोबर रडायला लागली.